रिस्लिंगच्या तीन बाटल्या

फौज आणि दारू हा विषय निघाला की गाडी रमवर येऊन थांबते. निवृत्त मंडळींच्या प्रत्येक स्नेहमेळाव्यात हिमालयातल्या एखाद्या पिकेटवरच्या रमची गोष्ट असतेच, आणि त्या पिकेटची उंची दर वर्षी हजारभर फुटांनी वाढते. त्यामुळे पांढऱ्या वाइनवर लिहितोय असं सांगितल्यावर माझ्या एका कोर्समेटने फोनवर काळजीने विचारलं, "तब्येत बरी आहे ना रे?"

तब्येत उत्तम आहे, आणि विषयही पुरेसा फौजी आहे. रिस्लिंग नावाच्या द्राक्षाच्या इतिहासात रोमन छावण्या आहेत, उशिरा पोचलेला एक हुकूम आहे, नेपोलियनचा एक मार्शल आहे, बाँबफेक आहे आणि पंचाहत्तर वर्षांत चार वेळा देश बदललेला एक प्रांत आहे. वाइनवरची पुस्तकं या गोष्टी तळटीपेसारख्या सांगतात आणि पुढे जातात. मी तोपखान्याचा माणूस, मला मात्र त्या तळटीपाच जास्त वाचाव्याशा वाटल्या.

सध्या मुक्काम निलगिरीत, वेलिंग्टनला. आमचं स्टाफ कॉलेज मुळात १९०५ साली देवळालीत सुरू झालं, दोन वर्षांत क्वेट्याला गेलं, आणि फाळणीनंतर भारताच्या वाट्याचं कॉलेज इथे आलं. इथे दरवर्षी मित्रदेशांचे अधिकारीही शिकायला येतात. गेल्या कोर्समध्ये माझ्या सिंडिकेटमध्ये एक जर्मन मेजर होता. त्याचे आजोबा मोझेल नदीकाठी द्राक्षं पिकवायचे. कोर्स संपत आला तेव्हा तो आणि त्याची पत्नी आमच्या बंगल्यावर जेवायला आले, आणि येताना त्याने तीन बाटल्या आणल्या. तिन्ही रिस्लिंगच्याच. "सर, द्राक्ष एकच आहे," तो म्हणाला, "पण तीन वेगळ्या लढाया आहेत." हा लेख त्या तीन बाटल्यांच्या क्रमानेच लिहितो.

पहिली बाटली : मोझेल

आधी प्यायची पद्धत सांगतो, कारण रिस्लिंग घाईत प्यायलात तर तुम्ही फक्त गार, आंबटगोड पाणी प्यायलात असं समजा.

बाटली फ्रिजमधून काढून वीसएक मिनिटं बाहेर ठेवायची. आठ ते दहा अंश हे तिचं योग्य तापमान. फार गार असेल तर वास दबून राहतो आणि रिस्लिंगमध्ये वास हाच निम्मा ऐवज असतो. ग्लास उंच दांड्याचा, पोटाशी फुगीर आणि तोंडाशी निमुळता हवा, म्हणजे वास आत कोंडून राहतो. ग्लास एक तृतीयांशच भरायचा. दांडी धरायची, पोट नाही, नाहीतर तळहाताची ऊब आत जाते. प्रथम पांढऱ्या कागदासमोर रंग पाहायचा. ही पहिली वाइन जवळजवळ पाण्यासारखी होती, किंचित हिरवी झाक असलेली. मग ग्लास न हलवता एकदा हुंगायचं. नंतर हलकेच गोल फिरवून पुन्हा हुंगायचं. दोन्ही वेळी वास वेगळा येतो.

मला लिंबाची साल आणि हिरवं सफरचंद सापडलं, त्यामागे कुठलंतरी पांढरं फूल. नाव सुचेना. सौ.ने ग्लास नाकाशी धरला आणि क्षणात म्हणाली, "अहो, हे तर पन्ह्याच्या नात्यातलं आहे!" जर्मन दांपत्याला पन्हं म्हणजे काय हे समजावण्यात दहा मिनिटं गेली. पण तिचं म्हणणं बरोबर होतं. कैरी, गूळ आणि वेलदोडा एकत्र आल्यावर जे होतं, तेच इथे एका द्राक्षात होतं. यामागे रसायनशास्त्रही आहे. रिस्लिंगच्या सुगंधात लिनालूल नावाचं एक द्रव्य असतं आणि आपल्या धण्यांच्या वासातलं मुख्य द्रव्यही तेच. ज्या द्राक्षांना स्वतःचाच असा वास असतो, त्यांना सुगंधी जाती म्हणतात. शार्डोनेसारख्या द्राक्षाला ओकच्या नव्या पिंपांतून व्हॅनिलाचा किंवा भाजल्याचा वास देता येतो. रिस्लिंगला बहुधा पोलादी टाकीत किंवा जुन्या, निर्गंध झालेल्या पिंपात ठेवतात. तिला वरून मेकअप लागत नाही.

आता घोट. तो लगेच गिळायचा नाही. जिभेवरून सगळीकडे फिरवायचा. टोकाशी गोडवा लागतो, आणि पाठोपाठ जिभेच्या दोन्ही कडांना आंबटपणा चावतो, तोंडाला पाणी सुटतं. द्राक्षातल्या दोन प्रमुख आम्लांपैकी टार्टारिक आम्ल आपल्या चिंचेतही भरपूर असतं. चिंच-गुळाची आमटी ज्याला कळते, त्याला रिस्लिंगचं मर्म कळायला वेळ लागत नाही. नुसती चिंच नको आणि नुसता गूळही नको, दोघांची रस्सीखेच बरोबरीत सुटायला हवी. गोड आहे म्हणून ही वाइन हलक्या दर्जाची, हा समज चुकीचा आहे. गोडव्याला पेलणारा आंबटपणा आहे की नाही, हे पाहायचं. गिळल्यावर मनात आकडे मोजायचे. चव पाचाला संपली तर साधी वाइन, वीसच्या पुढे रेंगाळली तर चांगली. या बाटलीत मद्यार्क जेमतेम साडेआठ टक्के होता, तरी मी पंचविसापर्यंत मोजलं.

हा आंबटपणा येतो कुठून? उत्तर नकाशात आहे. मोझेल आणि ऱ्हाइनचा हा प्रदेश पन्नास अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास आहे. द्राक्ष पिकण्याची ही जवळजवळ शेवटची रेषा. रिस्लिंग तर उशिरा पिकणारी जात, ऑक्टोबर उजाडतो. थंडीत हळूहळू पिकल्यामुळे आम्ल टिकून राहतं आणि सुगंधाला तयार व्हायला वेळ मिळतो. पण नुसत्या थंडीत ती पिकणारच नाही, म्हणून वेल लावतात ती दक्षिणेकडे तोंड असलेल्या तीव्र उतारावर. सूर्य तिथे सरळ पडतो, खालच्या नदीवरून परावर्तित होऊन पुन्हा पडतो, आणि जमिनीतला काळा दगड दिवसभर तापून रात्री ऊब देतो. तो दगड म्हणजे स्लेट. आपण ज्या पाटीवर धुळाक्षरं गिरवली, त्या पाटीचाच दगड. मेजर म्हणाला, मोझेलच्या वाइनमध्ये लोकांना ओल्या स्लेटचा वास येतो. मला ओल्या फडक्याने पुसलेली शाळेतली पाटी आठवली. वेल दगड चोखून त्याचा वास द्राक्षात आणते, असं काही विज्ञान म्हणत नाही. पण नाकाला आठवणींचा आधार लागतो आणि आपल्या पिढीकडे तो आहे.

इथल्या काही मळ्यांचा चढ साठ अंशांहूनही जास्त आहे. ब्रेम गावाजवळचा कालमोंट हा युरोपातल्या सर्वांत तीव्र उताराच्या मळ्यांपैकी एक. ट्रॅक्टर चालत नाही. प्रत्येक वेल स्वतंत्र खुंटाला बांधलेली, तिच्या दोन फांद्या वाकवून बदामाच्या आकारात वळवलेल्या. छाटणी, बांधणी, तोडणी सगळं हाताने, दोरीच्या किंवा छोट्या मोनोरेलच्या आधाराने. मेजरचे आजोबा पावसाने वाहून गेलेला स्लेट पाठीवरच्या टोपलीतून पुन्हा वर नेऊन टाकायचे. डोंगर चढून माल पोचवणं काय असतं हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

या उतारांवर वाइनचा धंदा वाढला तो फौजेमुळे. मोझेलवरचं ट्रिअर हे रोमन साम्राज्याचं मोठं शहर, काही काळ सम्राटाचं निवासस्थान. ऱ्हाइनच्या सरहद्दीवर रोमन सैन्य तैनात होतं आणि त्याला वाइन हवी होती. जवळच्या नोयमागेनला तिसऱ्या शतकातलं एक शिल्प सापडलं. दगडात कोरलेलं गलबत, वल्ही मारणारी माणसं आणि वर वाइनची पिंपं. माझ्या दृष्टीने ते लॉजिस्टिक्सचं स्मारक आहे.

तेव्हाची द्राक्षं रिस्लिंगच होती असं मात्र नाही. रिस्लिंगचं नाव कागदावर प्रथम येतं ते १४३५ साली, ऱ्युसल्सहाइमला, काट्झेनएल्नबोगनच्या काउंटच्या हिशेबात. रिस्लिंगच्या वेलींसाठी २२ शिलिंग खर्च, अशी ती नोंद आहे. ना राजाचं फर्मान, ना कवीची स्तुती, एका कारकुनाने लिहिलेली खरेदी. क्वार्टरमास्टरचं लेजर इतिहासाला किती उपयोगी पडतं, हे मी आमच्या तरुण अधिकाऱ्यांना नेहमी सांगतो. पुढे १७८७ साली ट्रिअरच्या आर्चबिशपने, जो त्या मुलुखाचा राजाही होता, हलक्या जातीच्या वेली उपटून चांगल्या लावण्याचा आदेश काढला. मोझेलकाठी चांगली म्हणजे रिस्लिंग, असा त्याचा अर्थ लावला गेला.

दुसरी बाटली : ऱ्हाइनगाउ

ऱ्हाइन नदी दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते, पण माइन्झजवळ तिला तौनुस डोंगर आडवा येतो आणि ती सुमारे तीस किलोमीटर पश्चिमेकडे वळते. त्यामुळे तिच्या उजव्या काठावर दक्षिणेकडे तोंड केलेला एक लांबलचक उतार तयार झाला आहे. पाठीशी डोंगर, समोर नदी. कुठल्याही कमांडरला बघताक्षणी पसंत पडावी अशी ही पोझिशन आहे, आणि द्राक्षालाही ती पसंत पडली. हा ऱ्हाइनगाउ.

इथल्या योहानिसबर्ग टेकडीवर बेनेडिक्टाइन साधूंचा जुना मठ होता. १७१६ साली तो फुल्डाच्या राजमठाधिपतीने विकत घेतला आणि १७२० च्या सुमारास तिथे जवळजवळ तीन लाख वेली लावल्या, रिस्लिंगच्याच. तोवर एका मळ्यात अनेक जाती मिसळून लावायची रीत होती. एकाच जातीवर एवढा मोठा डाव लावणं धाडसाचं होतं.

पण मालक दूर, फुल्डाला, दीडशे किलोमीटरच्या आसपास. तोडणी केव्हा सुरू करायची याची परवानगी तिथून यायची. दर शरदात टेकडीवरून घोडेस्वार द्राक्षांचा नमुना घेऊन फुल्डाला जायचा आणि हुकूम घेऊन परतायचा. १७७५ साली हा स्वार उशिरा आला, दोन-तीन आठवड्यांनी. का, याच्या अनेक कथा सांगतात. कुणी वाटेत लुटारू गाठ पडले म्हणतं, तर कुणी एखादी सुंदरी. तोवर आजूबाजूच्या मळ्यांची तोडणी संपली होती. योहानिसबर्गची द्राक्षं मात्र वेलीवरच सुरकुतली होती, त्यांच्यावर बुरशी चढली होती. हुकूम आल्यावर साधूंनी तीच द्राक्षं तोडली, कारण दुसरा इलाज नव्हता. पुढच्या वसंतात पिंप उघडलं तेव्हा तळघरातली माणसं थक्क झाली.

झालं असं होतं की त्या बुरशीने सालीला सूक्ष्म छिद्रं पाडून आतलं पाणी उडवलं होतं आणि साखर, आम्ल, सुगंध सगळं आटून घट्ट झालं होतं. हंगेरीतल्या टोकायला ही युक्ती आधीपासून ठाऊक होती. ऱ्हाइनकाठी मात्र १७७५ नंतर मुद्दाम वाट पाहण्याची रीत पडली. श्पेटलेझ म्हणजे उशिरा केलेली तोडणी, हा शब्द आज जर्मन बाटल्यांवर असतो तो या परंपरेतूनच. योहानिसबर्गच्या अंगणात त्या उशिरा आलेल्या स्वाराचा पुतळा आहे. उशीर केल्याबद्दल पुतळा उभारलेला हा बहुधा जगातला एकमेव डिस्पॅच रायडर असेल.

मी ही गोष्ट सिंडिकेटमध्ये नंतर सांगितली तेव्हा दोन तट पडले. एक म्हणे, बघा, हुकमाची वाट पाहिल्याचा फायदा. दुसरा म्हणे, जागेवरच्या माणसाला अधिकार नव्हता म्हणून पीक कुजलं, चांगली वाइन निघाली हे नशीब. माझं मत दुसऱ्या बाजूचं आहे. साधूंचं खरं कौतुक वेगळ्याच कारणासाठी करायला हवं. बिघडलेला माल त्यांनी फेकला नाही, वेगळा ठेवला, चाखला, आणि जे घडलं ते नीट समजून घेऊन पुढच्या वर्षी मुद्दाम केलं. आमच्या भाषेत, त्यांनी डीब्रीफिंग प्रामाणिकपणे केलं.

आमच्या टेबलावरची श्पेटलेझ पंधरा वर्षांची होती. रंग जुन्या पितळेकडे झुकलेला. हुंगल्यावर जर्दाळू, मध, आणि त्यामागून चक्क केरोसीन! मी मेजरकडे पाहिलं. तो हसत होता. जुन्या रिस्लिंगची ही ओळखच आहे. द्राक्षातली रंगद्रव्यं वर्षानुवर्षं हळूहळू विघटित होऊन हा वास येतो, आणि उन्हात पिकलेल्या द्राक्षात तो जास्त असतो. काहींना तो दोष वाटतो. ज्याने लडाखमध्ये बुखारीशेजारी हिवाळे काढले, त्याला तो घरचा वाटतो. तोंडात मात्र ही वाइन केरोसीनची मुळीच नव्हती. गोडवा मागे सरलेला, आंबटपणा अजून ताठ, आणि चव इतकी लांबली की मोजायचं विसरलो.

आता मार्शल. २० सप्टेंबर १७९२ रोजी उत्तर फ्रान्समधल्या वाल्मीच्या पवनचक्कीच्या टेकडीवर क्रांतिकारक फ्रान्सची फौज प्रशियाच्या फौजेसमोर उभी राहिली. प्रशियन सैन्य युरोपात सर्वांत कवायती मानलं जाई आणि फ्रेंच फौज पळेल असाच सगळ्यांचा अंदाज होता. दिवसभर तोफा चालल्या. सेनापती केलरमान तलवारीच्या टोकावर टोपी उंचावून पुढे उभा राहिला आणि रांगा हलल्या नाहीत. प्रशियनांनी हल्ला सोडून दिला आणि काही दिवसांनी माघार घेतली. लगोलग फ्रान्समध्ये राजेशाही बरखास्त झाली. मृतांची संख्या फार नव्हती, परिणाम प्रचंड होता. आम्ही तोपखानेवाले वाल्मी विसरत नाही.

पुढे नेपोलियनने जर्मन संस्थानं पायाखाली घातली आणि १८०७ साली योहानिसबर्ग याच केलरमानला बक्षीस दिलं. वाल्मीचा ड्यूक ऱ्हाइनच्या उत्तम मळ्याचा धनी झाला. त्याचं धनीपण नेपोलियनबरोबरच संपलं. व्हिएन्नाच्या तहात मळा ऑस्ट्रियाकडे गेला आणि १८१६ साली सम्राट फ्रान्झने तो मुत्सद्दी मेटरनिखला दिला. अट एकच, दरवर्षी उत्पन्नाचा दहावा हिस्सा राजघराण्याला. साधू, राजमठाधिपती, फ्रेंच मार्शल, ऑस्ट्रियन मंत्री असे धनी बदलत गेले. खुंटाला वेल बांधणारी माणसं त्याच गावांतली राहिली, आणि द्राक्ष तेच.

१९४२ च्या ऑगस्टमध्ये माइन्झवर हवाई हल्ले झाले, त्यात योहानिसबर्गचा वाडा आणि चर्च जळून गेले. पुन्हा उभारायला दोन दशकांहून अधिक काळ लागला. खोल तळघरं वाचली.

तिसरी बाटली : अल्सास

तिसरी बाटली सडपातळ, लांब मानेची, आकाराने थेट जर्मन. लेबल मात्र फ्रेंच. मेजर म्हणाला, "ही परदेशी आहे. माझ्या पणजोबांच्या वेळी नव्हती."

वर ज्या केलरमानचं वर्णन केलं, तो जन्माने स्ट्रासबुर्गचा, म्हणजे याच अल्सासचा. फ्रान्सचा मार्शल, पण नाव जर्मन. ऱ्हाइनच्या पश्चिमेला व्होज डोंगराच्या पायथ्याशी असलेला हा प्रांत. डोंगर पाऊस अडवतो, ऊन भरपूर मिळतं, त्यामुळे इथली रिस्लिंग बहुतांशी पूर्ण आंबवलेली, साखर जवळजवळ नाहीच. मद्यार्क बारा-साडेबारा टक्के. वासात लिंबू आणि पांढरा पीच, चव सरळ, कडक, किंचित खारटपणाचा भास देणारी. पहिल्या बाटलीतल्या आमटीतला गूळ काढून घेतला तर जे उरेल, ते इथे होतं. सौ.ने त्याबरोबर खोबरं-कोथिंबिरीचं वाटण लावलेला मासा केला होता. तिखट बेताचं ठेवलं होतं, आणि जोडी छान जमली.

१८७१ साली फ्रान्स हरला, अल्सास जर्मनीकडे गेला. १९१८ ला जर्मनी हरला, अल्सास फ्रान्सकडे आला. १९४० ला हिटलरने तो बळकावला. १९४५ ला तो पुन्हा फ्रेंच झाला. १८७० साली तिथे जन्मलेला एखादा द्राक्षकरी पंचाहत्तराव्या वर्षापर्यंत घर न सोडता चार वेळा देश बदलून बसला. जर्मन काळात इथल्या द्राक्षांकडून स्वस्त आणि भरपूर माल काढण्याची अपेक्षा होती. फ्रेंच झाल्यावर दर्जेदार जातींकडे पुन्हा वळावं लागलं. प्रत्येक सरकारचा कायदा वेगळा, बाजार वेगळा, शाळेची भाषा वेगळी. वेलीला आयुष्य तीस-चाळीस वर्षांचं, सरकारला त्याहून कमी.

वाइनचं एक वेळ ठीक. माणसांचं काय झालं? पहिल्या महायुद्धात अल्सासची मुलं जर्मन नागरिक होती, त्यामुळे ती जर्मन गणवेशात लढली आणि मेली. १९१८ नंतर त्यांची गावं फ्रान्समध्ये होती. फ्रान्सच्या प्रत्येक गावात तेव्हा युद्धस्मारकं उभी राहत होती आणि त्यांवर कोरलं जात होतं की हे फ्रान्ससाठी मेले. अल्सासमध्ये ते कोरणार कसं? म्हणून तिथल्या अनेक स्मारकांवर फक्त ‘आमच्या मृतांस’ एवढंच आहे. कशासाठी, कुणासाठी, ते नाही. स्ट्रासबुर्गच्या चौकातलं १९३६ चं स्मारक असं आहे : एक आई, आणि तिच्या कुशीत मरणारे दोन मुलगे. दोघांच्याही अंगावर गणवेश नाही. एक फ्रान्सकडून लढला आणि एक जर्मनीकडून, हे पाहणाऱ्याला कळतं. मरताना त्यांनी एकमेकांचा हात धरला आहे.

त्या स्मारकानंतर सहाच वर्षांनी, १९४२ च्या ऑगस्टमध्ये, नाझींनी अल्सासच्या तरुणांची सक्तीने भरती सुरू केली. अल्सास आणि शेजारच्या मोझेल जिल्ह्यातून मिळून सुमारे १,३०,००० तरुण जर्मन गणवेशात कोंबले गेले, बहुतेक रशियाच्या आघाडीवर. फ्रेंच लोक त्यांना ‘मनाविरुद्ध गेलेले’ म्हणतात. आणि १९४४-४५ च्या हिवाळ्यात कोलमारभोवतीच्या लढाईत बेनव्हिर, सिगोल्सहाइम, आमर्शव्हिर ही द्राक्षांची गावं जवळजवळ भुईसपाट झाली. सिगोल्सहाइमच्या वरच्या टेकडीवर आज मळ्यांच्या मधोमध सैनिकांची दफनभूमी आहे. दीड हजारांहून अधिक थडगी. त्यांत फ्रान्ससाठी लढायला आणलेले उत्तर आफ्रिकेतले मुसलमान सैनिक मोठ्या संख्येने आहेत.

हे वाचून आपली मराठा पलटण आठवल्याशिवाय राहत नाही. त्याच युद्धात, आल्प्सच्या दक्षिणेला इटलीत, नाईक यशवंत घाडगे यांनी जुलै १९४४ मध्ये आणि शिपाई नामदेव जाधव यांनी एप्रिल १९४५ मध्ये सेनियो नदीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. घाडगे यांना तो मरणोत्तर मिळाला. तोही परका मुलूख, आणि लढाई परक्या राजाच्या झेंड्याखाली.

मी मेजरला विचारलं, तुझ्या घरचे कोणत्या बाजूने होते? तो शांतपणे म्हणाला, "सर, चुकीच्या." मग त्याने माझा ग्लास भरला. त्या उत्तराला काही जोडावं असं मला वाटलं नाही.

चव कशी हरवली

एकोणिसाव्या शतकात या वाइनचा रुबाब मोठा होता. ऱ्हाइनच्या वाइनला इंग्रज ‘हॉक’ म्हणत, होखहाइम गावावरून. १८४५ साली राणी व्हिक्टोरिया तिथे गेली आणि तिथल्या एका मळ्याला आजही तिचं नाव आहे. साहेब हिंदुस्थानात आला तेव्हा क्लॅरेट आणि मदिरेबरोबर हॉकही आली. जुन्या काचसामानात लांब दांडीचे, हिरवट किंवा तपकिरी पेल्याचे ग्लास दिसतात, ते हॉकचे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उत्तम ऱ्हाइन रिस्लिंगची किंमत बोर्दोच्या नामांकित वाइनच्या बरोबरीची, कधी वरचढ होती.

मग दोन महायुद्धं झाली. त्याहून खोल घाव मधल्या काळात बसला. जर्मन वाइनच्या व्यापारात ज्यू घराण्यांचा वाटा फार मोठा होता. कुठल्या मळ्याचा कुठल्या सालचा माल लंडनच्या कुठल्या गिऱ्हाइकाला आवडेल, हे त्यांना ठाऊक होतं. नाझींनी त्यांना लुटलं, हाकललं, मारलं. उतार तिथेच राहिले, वेली तिथेच राहिल्या, पण त्यांची चव जगाला सांगणारी माणसं गेली. युद्धानंतर जर्मनीने निर्यात केली ती मुख्यतः स्वस्त, गोडमिट्ट मिश्रणं, ज्यांत रिस्लिंग अनेकदा नावालाही नसे. जगाने जर्मन वाइन म्हणजे साखरपाणी अशी खूणगाठ बांधली. ती सुटायला पन्नास वर्षं लागली, आणि अजून पुरती सुटलेली नाही.

स्टाफ कॉलेजात आम्ही जमीन शिकवतो. कुठली टेकडी घ्यायची, कुठली राखायची, कुठून तोफा लावायच्या. ते शिकवायलाच हवं. पण टेकडी हाती असली म्हणजे तिच्यातलं सगळं हाती असतं, असं नाही. योहानिसबर्ग जिंकणाऱ्यांनी ते एकमेकांना बक्षीस दिलं, पण त्यातली वाइन ज्याने वेल बांधली आणि वाट पाहिली त्याची होती. झेंडा राखणं हे आमचं काम आहे. तो राखायचा तो खालच्या माणसाला त्याच्या उतारावर निवांत छाटणी करता यावी म्हणून. तेवढं विसरलं की स्मारकावर काय कोरायचं हा प्रश्न उरतो.

ज्यांना चाखायची इच्छा आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. नाशिकच्या परिसरातही आता रिस्लिंग लागली आहे. देवळालीत तोपखान्याचे कोर्स केलेल्या माझ्यासारख्यांना त्याचं विशेष वाटतं. हवा उष्ण असल्याने तिचा स्वभाव मोझेलचा नाही. तिच्याकडून तशी अपेक्षा न करता तिला तिच्या गुणांवर चाखा. जर्मन बाटली मिळाली तर लेबलवर पाहा : ट्रोकन म्हणजे कोरडी, काबिनेट हलकी, श्पेटलेझ उशिरा तोडलेली आणि भरदार. एक बाटली चौघांत पुरते. जे घेत नाहीत त्यांनी कैरीचं गार पन्हं घ्यावं, तेही हुंगून, घोट जिभेवर फिरवून आणि आकडे मोजत. मेसमध्ये पाण्याने केलेला टोस्टही तितकाच मानाचा असतो.

जय हिंद.